गोधडीचं मशीन घेताना

शिलाई मशीनच्या दुकानात जाऊन 'गोधडीसाठी मशीन दाखवा' म्हणून बघा. विक्रेता पहिल्याच वाक्यात टाक्यांच्या संख्येवर येतो. ह्याच्यात एकवीस टाके आहेत, त्याच्यात साठ, आणि हे कॉम्प्युटरवालं, ह्याच्यात अक्षरंसुद्धा निघतात. मग तो कांजी केलेल्या कडक पांढऱ्या कापडाचा दोनपदरी तुकडा घेतो आणि त्यावर बदकांची ओळ काढून दाखवतो. बदकं छान असतात. पण गोधडीला टाका लागतो एकच, सरळ. तो सहा थरांतून या काठापासून त्या काठापर्यंत चुणी न पाडता गेला की झालं. नेमकं तेवढंच दुकानात कुणी करून दाखवत नाही.

मी सांगलीची. आमच्या भागात गोधडीला वाकळ म्हणतात, आणि ती उन्हाळ्यात धुऊन वाळवलेली लुगडी अंगणात पसरून, चार बायकांनी काठाकाठाने बसून घालायची असते. घरात सासूबाईंचं काळं पायमशीन होतं, पण त्यावर पोलकी, परकर, उशांचे अभ्रे शिवायचे. वाकळ हाताचीच. निवृत्तीनंतर मी वाकळा घालायला घेतल्या आणि नात्यातल्या पोरींच्या फर्माइशी सुरू झाल्या. कुणाला बाळासाठी दुपटं, कुणाला आईच्या साड्यांची, डबल बेडवर पुरेल एवढी मोठी गोधडी. जाड थरांतून सुई ओढून ओढून अंगठ्याचा सांधा धरला. डॉक्टरांनी हातशिवण कमी करायला सांगितलं, तेव्हा मशीनचा विचार सुरू झाला.

सासूबाईंचं मशीन तोवर हातचं गेल्यासारखं होतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा ते पाण्याखाली राहिलं. टेबलाचं लाकूड फुगलं, खणांचे सांधे सुटले, पट्टा कुजला. बिडाचं डोकं मात्र मेकॅनिकने खोलून, रॉकेलने धुऊन, तेल देऊन पुन्हा चालू करून दिलं. टेबल नसल्याने ते माळ्यावर गेलं.

माझ्या साठीला मुलगा आणि सून पुण्याहून नवं मशीन घेऊन आले. पांढरं, देखणं, उचलायला हलकं, साठ टाक्यांचं. दुकानात त्यांनी 'आईला क्विल्टिंग करायचंय' असं स्पष्ट सांगितलं होतं आणि दुकानदाराने 'मग हेच घ्या' म्हणून हेच दिलं होतं. खोक्यावर गोधडीचं रंगीत चित्रसुद्धा होतं.

त्यावर पहिलं दुपटं झकास झालं. दोन सुती कापडं, मध्ये एक मऊ थर, लांबी-रुंदी हाताच्या आवाक्यातली. मी खूश, सून खूश. मग मोठी गोधडी घेतली. वर नवं सुती कापड, आत चार जुन्या साड्या, खाली अस्तर. पहिली टीप मारून दुसऱ्या काठाला पोचले तर वरचं कापड खालच्यापेक्षा दोन बोटं पुढे सरकलेलं. शेजारची टीप मारली तर दोन टिपांच्या मध्ये चुण्या. काठाजवळ, जिथे साडीची किनार दुमडून आठ-दहा पदर होतात, तिथे टाके मुंगीएवढे बारीक झाले आणि मशीन घोगरा आवाज करत जागीच थांबलं. चाक हाताने फिरवून सुई पार करावी लागली. अर्ध्या रुंदीपर्यंत आले तेव्हा गुंडाळी मशीनच्या पोटात मावेना. मी ढकलत होते आणि हलकं मशीन टेबलावर गोधडीच्या मागे सरकत होतं. तासाभरात पायातलं पेडल हाताला चटका बसण्याइतकं गरम झालं.

पुण्याच्या दुकानाला फोन केला. 'मॅडम, जाड कापड घातलंत का?' असा उलट प्रश्न आला. गोधडी पातळ कशी घालायची, हे त्यांनी सांगितलं नाही. शेवटी आमच्या जुन्या मेकॅनिककाकांना बोलावलं. त्यांनी झाकण काढून आत पाहिलं, दोन थर शिवून पाहिले, मग माझी गोधडी हाताने तोलली आणि म्हणाले, "ताई, मशीन झ्याक हाय. पर ह्ये ब्लाउज-परकराचं मशीन हाय, वाकळंचं न्हवं."

काकांनी त्या दुपारी मला मशीनच्या पोटातलं बरंच काही समजावलं, आणि पुढे दुसरं मशीन निवडताना मी त्याच बोलण्याच्या आधाराने दुकानं पालथी घातली. ते सगळं इथे सांगते.

सगळ्यात आधी जागा. सुईपासून उजवीकडच्या उभ्या खांबापर्यंत जी मोकळी जागा असते, ती पट्टीने मोजायची. साध्या घरगुती मशीनला ती साडेसहा इंचांच्या आसपास असते. आता हिशेब करा. सिंगल गोधडी पाच फूट, म्हणजे ६० इंच रुंद. मधली टीप मारताना तिची अर्धी बाजू, ३० इंच, गुंडाळून या जागेत बसवावी लागते. सगळे थर मिळून पाव इंच जाडी धरली तरी घट्ट गुंडाळीचा व्यास तीन इंच होतो, आणि माणसाच्या हाताने केलेली गुंडाळी घट्ट राहत नाही, ती चारावर जाते. उरली अडीच इंच. त्यात सुईजवळचा हातही आला आणि कापड वळवणंही आलं. डबल बेडच्या, ९० इंचांच्या गोधडीला गुंडाळी पाच इंचांची होते, म्हणजे जागा संपलीच. परदेशी कंपन्या क्विल्टिंगसाठी म्हणून जी मशीन विकतात त्यांच्यात हीच जागा आठ ते अकरा इंच असते, आणि किमतीतला मोठा फरक त्या वाढीव इंचांचाही असतो. खोक्यावर टाक्यांची संख्या ठळक छापलेली असते. ही जागा मात्र बहुधा कुठेच छापत नाहीत. पर्समध्ये मोजपट्टी ठेवा.

दुसरी गोष्ट वजनाची. काळ्या बिडाच्या मशीनचं नुसतं डोकं अकरा-बारा किलोच्या घरात जातं. प्लॅस्टिकच्या कवचाचं घरगुती मशीन साधारण सहा किलोचं. एका सुती साडीचं वजन अर्धा किलो धरा, चार-पाच साड्यांची गोधडी अडीच किलोवर जाते, आणि ती टेबलावरून खाली लोंबत असली की स्वतःच्या भाराने मशीनला ओढते. हलकं मशीन सरकतं, टीप वाकडी जाते आणि सुईही वाकते. सुया सारख्या तुटत असतील तर मशीनला दोष देण्याआधी गोधडीचा भार कुठे लोंबतोय ते पाहावं. मी आता टेबलाच्या डाव्या बाजूला आणि मागे एकेक स्टूल लावते. एका पैचाही खर्च नाही आणि निम्मा त्रास गेला.

तिसरी गोष्ट वरचं कापड सरकण्याची, आणि ही नीट समजून घ्यायला हवी, कारण इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते. शिलाई मशीन कापड पुढे नेतं ते खालून. सुईखालच्या पत्र्यातून दाते वर येतात, कापड पकडून पुढे सरकवतात, खाली जातात. वरून फूट फक्त दाबून धरतो. दोन थर असतील तर दाब आणि दाते यांचं जमून जातं. सहा थर असले की दात्यांची पकड तळच्या थराला बसते, मधले अर्धवट सरकतात आणि सगळ्यात वरचा फुटाखाली अडून पुढे ढकलला जातो. काठाला येईतो दोन बोटांचा फरक पडतो तो असा. ह्यावर उपाय दोन. पहिला म्हणजे फुटाचा दाब कमी करणं. काळ्या मशीनला आणि कारखान्याच्या मशीनला वरती त्यासाठी स्क्रू असतो. स्वस्तातल्या अनेक घरगुती मशीनना दाब बदलायची सोयच नसते. विकत घेण्याआधी विचारा आणि बोटाने दाखवायला सांगा. दुसरा उपाय वॉकिंग फूट. हा फूट आकाराने मोठा असतो, त्याची एक दांडी सुईच्या स्क्रूवर बसते, आणि त्याला स्वतःचे दाते असतात. सुई वर-खाली होते तसे हे दाते वरच्या थरालाही पुढे नेतात. माझ्या पांढऱ्या मशीनला वॉकिंग फूट आणून बसवला तेव्हा चुण्या खरोखर गेल्या. जागेचा आणि ताकदीचा प्रश्न मात्र राहिला. फूट घेताना आपल्या मशीनचा खुंटा उंच की आखूड हे बघून घ्यावं लागतं, नाहीतर सुई फुटावर आपटते.

ज्यांना गोधडीवर वेलबुट्टी, कोयऱ्या, गोलाकार नक्षी काढायची आहे त्यांना दाते खाली पाडता येणारं मशीन हवं. दाते खाली गेले की कापड मशीन सरकवत नाही, आपण सरकवतो. हात जसा फिरेल तशी नक्षी आणि हाताच्या वेगावर टाक्याची लांबी. त्याला स्प्रिंगचा वेगळा फूट लागतो आणि भरपूर सरावही लागतो. माझ्या वाकळा सरळ टिपांच्या, त्यामुळे या वाटेला मी गेले नाही.

वॅटच्या आकड्यावरही भाळू नका. मोटर किती वॅटची हे ती वीज किती खाते ते सांगतं. सुईमागचा जोर मोटरसोबत आतल्या गिअरवर, दांड्यांवर, चाकाच्या वजनावर अवलंबून असतो. काळ्या पायमशीनला मोटरच नसते, तरी ते जाड खादीतून आरामात जातं, कारण त्याचं चाक जड आहे आणि आत सगळं लोखंड आहे.

आता दुकानातल्या परीक्षेकडे येते. दुकानात घरूनच एक नमुना न्यायचा. मी दीड फूट लांब-रुंद चौकोन केला. माझ्या गोधडीत असतात तेवढेच थर, त्याच जुन्या साड्या, आणि एका बाजूला किनार दुमडून वर ठिगळ लावलेलं, म्हणजे तिथे दहा-बारा पदर. सगळं कच्च्या टाक्याने वीतभर अंतरावर टाचून घेतलं. सोबत माझा दोरा आणि १६ नंबरच्या नव्या सुया. शिवाय एक जुनी सिंगल गोधडी पिशवीत कोंबली. दुकानातले लोक आधी हसतात.

विक्रेत्याला खुर्चीवरून उठवून स्वतः बसायचं. त्याचा हात बसलेला असतो. तो कापड मागून हलकेच ओढत शिवतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. पेडल अगदी हळू दाबायचं. सुई कापडात शिरलेली असताना थांबवून परत तिथूनच सुरू करायचं. चांगलं मशीन तिथून संथपणे उचल घेतं. अशक्त मशीन गुरगुरतं, आणि जास्त दाबलं की एकदम उधळतं. मग एक टीप या काठापासून त्या काठापर्यंत, तिच्यापासून दोन बोटांवर दुसरी. शेवटच्या काठाला वरचा थर किती पुढे आला ते बघायचं. चुणी आहे का ते डोळ्यांनी कमी, बोट फिरवून जास्त कळतं. तुकडा उलटा करून खालची बाजू पाहायची, कारण दुकानात वरचीच बाजू कौतुकाने दाखवली जाते आणि दोऱ्याचे झोल असतात खाली. शेवटी ठिगळावरून टीप न्यायची. तिथे टाक्याची लांबी तशीच राहिली तर मशीनमध्ये दम आहे. लहान झाली तर दात्यांना भार पेलत नाही. टाके मध्येच सुटले तर त्या मशीनपुरता विषय संपला.

हे झालं की पिशवीतली जुनी गोधडी काढायची, अर्धी गुंडाळून मशीनच्या पोटात घालायची आणि नुसतं मागे-पुढे सरकवून बघायचं. शिवायचीही गरज नसते. एका दुकानात एवढं केल्यावर मालक स्वतः उठून आले आणि म्हणाले, "काकू, मग हे नको, आतलं दाखवतो." तोवर 'आतलं' काही आहे हे त्यांचा नोकर बोलला नव्हता.

बॉबिनकडेही लक्ष द्या. गोधडीला दोरा फार लागतो, आणि तो हमखास गोधडीच्या मध्यावर संपतो. ज्या मशीनला बॉबिन वरून बसते आणि पारदर्शक झाकणातून दोरा दिसतो, तिथे फूट उचलला, कापड जरा बाजूला केलं की काम होतं. समोरून किंवा खालून बसणारी असेल तर गोधडीचा ढीग उचलून त्याखाली हात घालावा लागतो. पण समोरून बसणारी बॉबिन केस मळ आणि जाड दोरा जास्त सोसते. जुन्या साड्यांमधून कापसाची लव फार निघते, ती शटलमध्ये जमून घट्ट बसते. प्रत्येक गोधडीनंतर ब्रश फिरवणं आणि सुई बदलणं या दोन सवयी कुठल्याही मशीनला लागूच. बॉबिन बदलताना मशीनच्या पुस्तकात लिहिलेलीच घ्या. दिसायला सारख्या असलेल्या बॉबिन उंचीत किंचित वेगळ्या असतात आणि मग दोरा अडकला की आपण ताणाचा स्क्रू पिळत बसतो.

मग घ्यावं कोणतं? घरात काळं पायमशीन असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या आणि नमुना त्यावर शिवून बघा. मामला सरळ टाक्याचाच आहे आणि तो त्याच्याइतका सुबक कुणी घालत नाही. झिगझॅग मशीनच्या पत्र्याला सुईसाठी रुंद फट असते, त्यात मऊ कापड ओढलं जातं. काळ्या मशीनला बारीक गोल भोक असतं, त्यामुळे टीप ताठ येते. लुधियानात या मशीनचे सुटे भाग आजही बनतात आणि तालुक्याच्या गावातही मिळतात. वीज गेली तरी काम थांबत नाही. अडचण एकच, पोटातली जागा घरगुती मशीनएवढीच. सिंगल गोधडीपर्यंत चालवून घेता येतं. त्याहून मोठी असेल तर दोन भाग वेगळे शिवून मध्ये जोडपट्टी लावायची युक्ती करता येते. बाजारात ज्याला अंब्रेला मशीन म्हणतात ते या काळ्या मशीनचं थोरलं भावंड. त्यात हाफ शटल आणि फुल शटल असा भेद असतो. हाफमध्ये शटल अर्धं फिरून मागे येतं, फुलमध्ये पूर्ण गोल फिरतं, त्यामुळे वेग जास्त आणि हादरे कमी. जाड कामासाठी फुल शटल बरं.

मी शेवटी घेतलं ते टेलरिंगच्या कारखान्यात असतं तसं, एका सुईचं, सरळ टाक्याचं मशीन, जाड कापडासाठीचं मॉडेल. सुईच्या उजवीकडे दहा इंचांहून थोडी जास्त जागा. टेबल चार फुटांचं, त्यामुळे गोधडीला आधार. गुडघ्याने फूट उचलता येतो, म्हणजे दोन्ही हात कापडावर राहतात. या सोयीचं मोल वापरल्याशिवाय कळत नाही. वेगाची भीती मलाही होती, कारण ही मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके घालू शकतात. पण सर्व्हो मोटर घेतली तर वेगाला बटणाने वेसण घालता येते. जुन्या पद्धतीची क्लच मोटर घेऊ नका. ती चालू केल्यापासून बंद करेपर्यंत घुमत राहते, शिवत नसलात तरी वीज खाते, आणि घरातली माणसं वैतागतात. सर्व्हो पाय दाबला तरच फिरते, आणि घरातल्या साध्या विजेवर चालते.

या मशीनचे तोटेही ऐका. एकदा ठेवलं की हलत नाही. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसताना न्यायचं म्हणजे हमालीचा वेगळा सौदा. खाली तेलाचं भांडं असतं, तेलाची पातळी बघत राहावी लागते, आणि नव्या मशीनच्या पहिल्या काही टिपा फडक्यावरच माराव्यात, नाहीतर तेलाचा डाग आईच्या साडीवर पडतो. सुया वेगळ्या, गोल मुठीच्या. घरगुती मशीनच्या चपट्या मुठीच्या सुया त्याला चालत नाहीत. काज, झिगझॅग काही नाही. फुटाचा दाब मुळात फार कडक असतो, तो सैल करून घ्यावा लागला. टेफ्लॉनचा फूट बसवल्यावर वरचं कापड अडकायचं बरंच थांबलं. ज्यांची जागा लहान आहे, किंवा ज्यांना वर्षाकाठी दोन-चार दुपटीच शिवायची आहेत, त्यांनी याच्या नादी लागू नये.

पांढरं मशीन मी विकलं नाही. दुपटी, पिशव्या, नातीचे फ्रॉक त्यावरच होतात आणि ती कामं ते उत्तम करतं.

एक गोष्ट मशीनच्या बाहेरची, पण नवीन मशीन घेणाऱ्याला सांगायलाच हवी. हाताने वाकळ घालताना आपण काठापासून सुरू करतो आणि आत आत येतो. हात कापडाला सांभाळून घेतो, साचलेला झोल टाक्याटाक्यात मुरतो, आणि त्यानेच वाकळीला तो मऊ लाटांचा पोत येतो. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायका त्यांची कवंदी अशीच काठाकडून मध्याकडे शिवतात. मशीनवर ही पद्धत उलटते. काठाकडून आलात तर सगळा झोल मध्यावर कोंडला जातो आणि शेवटी तिथे मोठी घडीच शिवली जाते. मशीनवर पहिली टीप मध्यावर आणि मग दोन्ही बाजूंना बाहेर. त्याआधी वीत-वीत अंतरावर कच्चा टाका. एवढं न केल्याने खराब झालेल्या गोधड्यांचं खापर मशीनवर फुटलेलं मी पाहिलं आहे.

वॉरंटी कार्ड दुकानातच वाचा. बहुतेक घरगुती मशीनच्या कार्डावर 'व्यावसायिक वापरासाठी नाही' अशा अर्थाची ओळ असते. गोधड्या विकायचा विचार असेल तर ती ओळ तुमच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. मोटर, सर्किट आणि बाकीचे भाग यांची मुदतही वेगवेगळी असू शकते. कॉम्प्युटरवाल्या मशीनला विजेचा कमी-जास्त दाब बाधतो. गावात लाइट सारखी येत-जात असेल तर स्टॅबिलायझरचा खर्च किमतीत धरूनच हिशेब करावा. आणि सगळ्यात मोठा प्रश्न: बिघडलं तर येणार कोण? ऑनलाइन मागवलेल्या मशीनचं सर्व्हिस सेंटर दूरच्या शहरात निघालं, तर खोक्यात बांधून पाठवणं आपल्याच गळ्यात. मी पैसे देण्याआधी आमच्या काकांना मॉडेलचं नाव सांगून विचारलं, 'हे तुम्ही उघडता का?' ते हो म्हणाले, मगच घेतलं.

अमेरिकेतल्या लेकीने, भाचीने 'तिकडे क्विल्टिंगची मशीन स्वस्त आणि छान मिळतात, येताना आणते' म्हटलं तर तिचं प्रेम मानून नम्रपणे नको म्हणा. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. ते मशीन आपल्या प्लगला थेट लावलं तर पेडल किंवा मोटर जळून जाते. ट्रान्सफॉर्मर लावून चालतं, पण त्याच्या सुट्या भागांसाठी पुढच्या सुट्टीची वाट बघावी लागते.

हप्त्यांचं म्हणाल तर शिलाई मशीन आणि हप्ता यांचं नातं फार जुनं आहे. सिंगर कंपनीने अमेरिकेत १८५६च्या सुमाराला मशीन हप्त्यावर द्यायला सुरुवात केली आणि त्यावरच ती घराघरांत पोचली. आजही 'महिना फक्त एवढेच' ऐकून माणूस गरजेपेक्षा वरचं मॉडेल उचलतो. शिवणकाम हा ज्यांचा पोटापाण्याचा उद्योग आहे त्यांनी केंद्र सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी जरूर करावी. २०२३ पासूनच्या या योजनेत शिंपी हा व्यवसाय आहे आणि पात्र ठरल्यास अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे. साध्या मशीनला तेवढ्याने चांगला हातभार लागतो.

मशीनची गोधडी ही गोधडीच नव्हे, असं म्हणणाऱ्या आमच्याकडे पुष्कळ आहेत. हाताच्या वाकळीची ऊब वेगळी, हे मलाही मान्य. मशीनची टीप घट्ट असते, गोधडी किंचित कडक होते, दोन-चार धुण्यांनंतर मऊ पडते. पण ती धुण्याच्या मशीनमध्ये टाकता येते, टाका उसवत नाही, आणि माझ्या अंगठ्याला मशीनच झेपतं. ज्यांचे हात चांगले आहेत त्यांनी धावदोराच घालावा; त्यांना कुठलंच मशीन घ्यायची गरज नाही.

बाकीच्यांना एवढंच सांगणं: आपल्या थरांचा तुकडा, आपला दोरा आणि मोजपट्टी पिशवीत घालून दुकानात जा. 'घरचं कापड डेमो मशीनवर चालणार नाही' असं कुणी म्हणालं, तर पिशवी उचला आणि पुढच्या दुकानात चला.